हातचावाल्या बाईंचा पाय

वर्गांमधल्या खुर्च्या गेल्या त्या दिवशी हातचावाल्या बाई नेहमीसारख्या सातवीच्या वर्गात शिरल्या, टेबलावर पुस्तक ठेवलं आणि सवयीनं मागे बसायला गेल्या. मागे काहीच नव्हतं. टेबलाची कड हाताशी आली म्हणून निभावलं, नाहीतर पंचेचाळीस मुलांसमोर जमिनीवर बैठक झाली असती. मुलं हसली, बाईही हसल्या. "वजाबाकी झालेली दिसते," असं म्हणून त्यांनी खडू उचलला. तेव्हा त्यांना राग आला नव्हता. राग यायला पुढे सात महिने लागले, आणि आला तो मग गेलाच नाही.

बाई चोवीस वर्षं गणित शिकवत होत्या. 'हातचा विसरलात की मुसळ केरात' हे त्यांचं पालुपद. त्यावरून कुठल्यातरी जुन्या तुकडीनं त्यांना हातचावाल्या बाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की पालकसभेलाही लोक तेच विचारत येत. वर्गाबाहेर बाई तशा अबोल. नवऱ्याचं पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचं छोटं दुकान होतं, तोही बोलायला बेताचाच. घरात दोघांच्या बोलण्यापेक्षा दुरुस्तीला आलेल्या पंख्याचा आवाज जास्त, असं त्यांची लेक सासरी जाण्याआधी म्हणायची.

खुर्च्या काढल्या त्या नव्या मुख्याध्यापकांनी. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक वाक्य घेऊन आले: शिक्षक बसला की वर्ग झोपतो. दुसऱ्याच दिवशी शिपायानं बावीस खुर्च्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत एकावर एक रचून टाकल्या. मोठ्या सरांची स्वतःची खुर्ची चाकांची होती, पाठ डोक्याच्याही वर जाणारी. तिच्याबद्दल परिपत्रकात अक्षर नव्हतं. परिपत्रकात दुसरा एक नियम मात्र होता. यापुढे सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, एकाच नमुन्याचे काळे बंद बूट घालायचे.

शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस कुरकुर झाली आणि चहाबरोबर पोटात गेली. भूगोलाच्या सरांनी तर कुरकुर करणाऱ्यांनाच झापलं. उभं राहून कुणी मेल्याचं ऐकलंय का, म्हणाले. आपण तीस वर्षं नकाशापुढे उभेच आहोत. बाईंनी मुकाट बूट घातले. नवे बूट पुढून निमुळते होते, बोटं आत दाटीवाटीनं बसायची. पण चावत नव्हते. बूट चावत नाही म्हणजे बरा आहे, असाच कुणीही हिशेब करेल. हातचा विसरला होता तो इथं.

बाईंना नऊ वर्षं साखरेचा आजार होता. दर तीन महिन्यांनी त्या घराजवळच्या डॉक्टरांकडे जात. डॉक्टर रिपोर्ट हातात घेत, आकड्यावर बोट ठेवत, जरा वाढलीये म्हणत, गोळी बदलत. माणूस वाईट नव्हता, गर्दी फार होती. दोनदा बाईंनी सांगितलं होतं की तळपायाला कापसावरून चालल्यासारखं वाटतं. दोन्ही वेळा त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. नऊ वर्षांत एकदाही त्यांनी बाईंना चपला काढायला सांगितलं नाही. रिपोर्ट टेबलावर असतो, पाय टेबलाखाली असतात. टेबलाखाली वाकून कोण बघतो?

चौथ्या महिन्यात उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या शेजारच्या बोटाखाली, एक टणक घट्टा धरला. बाईंनी तो आंघोळीनंतर नव्या ब्लेडनं तासला. पुन्हा वाढला, पुन्हा तासला. जरा जास्तच खोल गेलं तरी दुखलं नाही, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

मग एका रविवारी नवरा फरशी पुसत होता. न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत पिवळट तांबूस ठसे उमटले होते, प्रत्येक दोन पावलांत एक. त्यानं विचारलं, काय सांडलंय. बाई म्हणाल्या काही नाही. त्यानं ठशावरून फडकं फिरवलं, नाकाशी नेलं आणि फडकं तिथंच टाकून बाईंना स्टुलावर बसवलं. पाय उचलून बघितला. घट्ट्याच्या मधोमध हरभऱ्याएवढं भोक होतं आणि आत काय आहे ते दिसत नव्हतं. पस्तीस वर्षं जळलेल्या मोटारी उघडून बघणारा तो माणूस, पण त्याला घेरी आली. बाईंना मात्र काहीच होत नव्हतं. ना ठणका, ना आग.

डॉक्टरांनी भोक बघितलं, मलम दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, आराम करा. आराम म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. बाईंच्या लेखी आराम म्हणजे संध्याकाळी भांडी न घासणं. त्या अकरा दिवस शाळेत गेल्या, त्याच बुटांत, रोज सहा तास उभ्या. जखमेवर सगळं अंग तोलून. बसायला मिळतं का म्हणून एकदा मोठ्या सरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की एकाला खुर्ची दिली की सगळे मागतात. बाराव्या दिवशी फळ्यावर समीकरण लिहिताना त्यांना हुडहुडी भरली. बूट काढला तर बोट काळंनिळं झालेलं आणि पाऊल घोट्यापर्यंत लाल.

मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी ते बोट काढलं. आतलं हाड कुजलं होतं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नवऱ्याला म्हणाले की पायाचा रक्तपुरवठा चांगला आहे म्हणून बोटावर निभावलं, आणखी चार दिवस गेले असते तर कुठून कापायचं याचा विचार करावा लागला असता. नवरा ते ऐकून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि कितीतरी वेळ स्वतःच्याच पायांकडे बघत राहिला.

बाईंना राग आला तो आठवड्यानं, मलमपट्टीच्या खोलीत.

त्या खोलीतल्या सिस्टर ठेंगण्या, रुंद आणि फटकळ होत्या. पट्टी सोडायच्या आधी त्यांनी खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं. त्याच्या टोकाला नायलॉनचा जाडसर केस होता. बाईंना डोळे मिटायला सांगितलं. स्पर्श कळला की हो म्हणायचं, एवढंच. बाई अगदी मन लावून बसल्या, तोंडी परीक्षेला बसतात तशा. डाव्या पायाला तीनदा हो म्हणाल्या, उजव्याला एकदा. मग बराच वेळ काहीच झालं नाही, म्हणून त्यांनी विचारलं, सुरुवात कधी करणार?

"संपलं की," सिस्टर म्हणाल्या. "दोन्ही पाय मिळून वीस जागा झाल्या. तुम्हाला चार कळल्या."

बाईंनी डोळे उघडले. चोवीस वर्षं मुलांना गुण देणाऱ्या बाईला वीसपैकी चार मिळाले होते.

सिस्टर पट्टी सोडता सोडता बोलत राहिल्या. साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, मग दुखणं बंद होतं. लोकांना वाटतं दुखत नाही म्हणजे बरं आहे. अहो, दुखणं म्हणजे दाराशी भुंकणारा कुत्रा, तो गप्प झाला म्हणजे चोर गेला असं थोडंच? रोज पायाचा तळवा आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. बूट घालण्याआधी आत हात घालून चाचपायचं. बोटांना मोकळी जागा पाहिजे. घट्ट्याला घरी ब्लेड लावायचं नाही, गरम पाण्यात पाय सोडायचे नाहीत, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. आणि वर्षातून एकदा तरी, तुमच्यासारख्यांनी तर दर भेटीला, डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायचा.

"ही तपासणी करायला किती वेळ लागतो?" बाईंनी विचारलं.

"आत्ता लागला तेवढाच. दोन मिनिटं."

बाई हिशेबाला बसल्या. नऊ वर्षं, वर्षातून चार भेटी, म्हणजे छत्तीस वेळा त्या डॉक्टरांसमोर बसल्या होत्या. छत्तीसातली एक भेट. त्यातली दोन मिनिटं. त्यांचे कान तापले. आपण अडाणी नव्हतो, टाळाटाळ करणाऱ्यांतल्या नव्हतो, एक तारीख चुकवली नव्हती. सांगितलं असतं तर रोज दहा वेळा पाय बघितला असता. कुणी सांगितलंच नाही, आणि आता भेटायला येणारी प्रत्येक जाऊ, नणंद, शेजारीण पायाशी बसून तोंड वाकडं करून म्हणत होती, गोड खाल्लं असेल.

जखमेतला पू थांबल्यावर सिस्टरांनी पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टरचा साचा चढवला. नवऱ्याला वाटलं हाडही मोडलंय की काय. सिस्टरांनी त्याला समजावलं की हा साचा तळव्यावरचा भार सगळ्या पोटरीवर वाटून टाकतो, जखमेवर पडू देत नाही. दर आठवड्याला काढायचा, जखम बघायची, नवा घालायचा. "मलमानं जखम भरते असं सगळ्यांना वाटतं," त्या म्हणाल्या. "जखम भरते ती तिच्यावर उभं राहिलं नाही म्हणून. यांनी बसून शिकवायला माझी हरकत नाही. उभं राहून शिकवलंत तर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका, सरळ वर शस्त्रक्रियेच्या मजल्यावर जा."

बाईंची रजा संपली होती आणि दहावीची भूमिती राहिली होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं पत्र घेऊन, नवऱ्याच्या खांद्याला धरून, त्या मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. मोठ्या सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि आवाजात मध घोळवला.

"बाई, मला सहानुभूती आहे. पण साखर ही ज्याची त्याची जबाबदारी. शाळेनं काही तुम्हाला साखर दिली नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "साखर माझी मी आणली. शाळेनं बूट दिले आणि खुर्ची काढून घेतली."

मोठ्या सरांनी मग एक अर्ज पुढे सरकवला. तीन महिन्यांपुरती खास परवानगी, दर तीन महिन्यांनी नवा अर्ज. खाली छापलेलं होतं: सदर आजार कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे उद्भवला असून शाळेचा त्याच्याशी संबंध नाही. नुसती सही करायची होती. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, ते वाक्य सरळ रेषेनं खोडलं, समासात 'उत्तर चूक, पुन्हा सोडवा' असं लिहिलं आणि कागद परत दिला. नवऱ्यानं दाराकडे बघितलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण ही बाई त्याला नवीन होती.

त्या दिवशी खुर्ची आणली ती शिपायानं. निवृत्तीला आठ महिने राहिलेला माणूस. कुणी विचारलं तर म्हणायचा, मला खुर्च्या आत न्यायला सांगितलं होतं, बाहेर काढू नका असं कुठं सांगितलंय? दहावीच्या वर्गात बाईंनी चोवीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण तास बसून शिकवलं. मुलांना प्रमेय फळ्यावर लिहायला एकेक करून पुढे बोलावलं. वर्ग झोपला नाही. मोठे सर दाराशी येऊन उभे राहिले, काही वेळानं निघून गेले, आणि दुपारी निरोप आला की हा प्रकार संस्थेच्या समितीपुढे जाईल.

समितीला पंधरा दिवस होते. तेवढ्यात मधल्या सुट्टीत बाईंनी शिक्षकांच्या खोलीत एक उद्योग आरंभला. नायलॉनचा केस त्यांच्याकडे नव्हता, पण सिस्टरांनी एक बिनखर्चाची युक्ती शिकवली होती: समोरच्यानं डोळे मिटायचे, आणि आपण दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला, करंगळीला बोटाच्या टोकानं नुसता स्पर्श करायचा, दाबायचं नाही, चोळायचं नाही. सहापैकी दोन जागा कळल्या नाहीत तर डॉक्टर गाठायचा. चौतीस शिक्षकांत साखर असल्याचं कबूल करणारे नऊ निघाले. आधी लाजले, एकमेकांच्या मोज्यांना नावं ठेवली, मग एकेक जण खुर्चीवर पाय घेऊन बसला. त्या खोलीत खुर्च्या होत्या एवढी कृपा.

भूगोलाचे सर शेवटपर्यंत वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. आपले पाय उत्तम आहेत, थोडे आंबतात एवढंच, त्यावर आपण रोज कडक गरम पाणी घेतो, म्हणाले. गरम पाणी ऐकल्यावर बाईंनी हातातली वही खाली ठेवली.

"सर, मोजे काढा."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, सरांनी काढले. डाव्या टाचेला बंद्या रुपयाएवढा फोड आला होता, पाण्यानं टरारलेला. पायरीवरून उतरताना कुठंतरी आपटलं असेल, असं ते म्हणाले. असा फोड आपल्या पायावर आहे हेच त्यांना आत्ता समजलं होतं, पण एवढं कबूल करायला भूगोलाचा माणूस कुठला तयार व्हायला. डोळे मिटवून स्पर्श केला तर सहापैकी एकच जागा कळली. बाईंनी त्यांना तसंच शिपायाच्या हवाली केलं, रिक्षा मागवली आणि सिस्टरांच्या खोलीत धाडलं. तीन आठवडे पाय टेकवू दिला नाही म्हणून ती टाच भरली. ना बोट गेलं, ना हाड.

समितीच्या बैठकीत लांब टेबलाभोवती पाच सभासद गाद्यांच्या खुर्च्यांवर बसले होते आणि बाईंसाठी खुर्ची ठेवलेली नव्हती. प्लास्टरच्या पायानं त्या दारात थांबल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही, की आलं पण कुणी उठलं नाही, ते त्यांना कधीच कळलं नाही. त्यांनी भिंतीकडची एक खुर्ची ओढत आणली. फरशीवर तिचा जो आवाज झाला त्यानं मोठ्या सरांचं प्रास्ताविक मधेच तुटलं.

अध्यक्ष म्हणाले की शाळेला तुमच्याबद्दल आदर आहे, तुमच्यापुरता अपवाद करू. बाई म्हणाल्या त्यांना अपवाद नको. नऊ जणांना साखर आहे, त्यातल्या पाच जणांचे पाय बधिर आहेत, आणि त्यातल्या चौघांना हे गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. त्यांतला कोण उद्या फळ्यापुढे हुडहुडून पडेल ते मोठ्या सरांनी सांगावं, म्हणजे तेवढ्यापुरती खुर्ची ठेवू. मोठे सर म्हणाले, हा भावनिक मुद्दा झाला.

"भावनिक नाही," बाई म्हणाल्या. "माझं एक बोट गेलं. हा आकडा आहे. हवं तर प्लास्टर उतरवल्यावर मोजून घ्या."

कुणी हसलं नाही. भूगोलाचे सर पट्टीतली टाच अधांतरी धरून, कुबड्यांवर आत आले होते. त्यांनी आपणही खुर्च्यांविरुद्ध बोललो होतो हे सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ते सांगताना त्यांची मान खाली होती.

आठ दिवसांनी फलकावर एक कागद लागला. शिक्षकांच्या सोयीसाठी वर्गात खुर्ची ठेवण्यास हरकत नाही. पादत्राणे सोयीची वापरावीत. सोय, हरकत नाही, वापरावीत. बोटाबद्दल शब्द नाही, चूक झाली असं नाही. जणू संस्थेला आपणहून दया आली होती. मोठे सर आपल्या जागी राहिले आणि पुढच्या शिबिरात 'शिक्षककल्याण' या विषयावर बोलून आले. लोक बाईंचं अभिनंदन करत होते, आणि त्या मनातल्या मनात जळत होत्या. जिन्याखालून खुर्ची वर आणायला माणसाचं बोट खर्ची पडावं लागतं, यात अभिनंदन कसलं?

अकराव्या आठवड्यात जखम भरली. सिस्टरांनी मऊ तळव्याचे, पुढून रुंद, ओबडधोबड दिसणारे बूट बनवून घ्यायला लावले आणि बजावलं की एकदा जखम झालेला पाय पुन्हा जखम धरतो; आता रोजचा आरसा जन्मभराचा. नवऱ्यानं दुकानात बसून एका जुन्या मोटारीच्या दांड्याला आरसा बसवून दिला, वाकायला नको म्हणून. रोज सकाळी चहाआधी तो स्वतःच विचारायचा, बघितलास का.

महिन्याभरानं बाई घराजवळच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी सवयीनं रिपोर्टसाठी हात पुढे केला. बाईंनी रिपोर्ट दिला नाही. बूट काढला, मोजा काढला आणि चार बोटांचा पाय तपासणीच्या पलंगावर ठेवला. आधी हा बघा, म्हणाल्या, मग आकडा बघू. डॉक्टर उठून आले, वाकले, तळवा बघितला, घोट्याजवळ नाडी चाचपली. त्यांनी खरंच नीट बघितलं, आणि आधीच बघायला हवा होता असंही हळूच म्हणाले. बाईंनी मान हलवली. त्यांच्याशी भांडायला त्या आल्या नव्हत्या.

बाहेर बूट घालायला त्यांना वेळ लागत होता. त्यांच्यानंतर एक म्हातारे गृहस्थ आत गेले होते, हातात साखरेचा रिपोर्ट, पायात घट्ट बांधलेले बूट. दार नीट लागलं नव्हतं. आतून कागदाची सळसळ आली, मग डॉक्टरांचा आवाज, जरा वाढलीये, गोळी बदलू या. मग म्हातारे उठताना खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.

बाईंनी एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, अशाच उठून दार ढकललं.

"यांचेही," त्या म्हणाल्या.

आणि म्हातारे बुटाच्या नाड्या सोडायला घेईपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत.